कुंडीतलं ज्युनिपर आणि माझा प्रमाद



गेल्या वेळी पावसाळ्यात धान्य कसं राखायचं ते लिहिलं होतं. आज विषय थोडा वेगळा आहे. घरात आणलेल्या एका झाडाचा आहे, पण वाचल्यावर तुम्हीच म्हणाल की गोष्ट तीच आहे.

मागच्या वर्षी जेठ महिन्यात माझा भाचा पुण्याहून सेमाडोहला आला. येताना माझ्यासाठी ज्युनिपरचं बोन्साय घेऊन आला. वीतभर उंचीचं झाड, पसरट कुंडी, एका बाजूला झुकलेलं खोड आणि खाली हिरवंगार शेवाळ. कुणी पाहिलं तरी पाहतच राहील असं. "मावशी, हे बाहेर ठेवायचं बरं का, घरात नाही," असं तो दोनदा सांगून गेला.

मी ऐकलं आणि घरातच ठेवलं. कारण सेमाडोहला राहणाऱ्यांना सांगायला नको. इथे अंगणात काही ठेवलं की वानरं येतात. काळ्या तोंडाची ती लांब शेपटीवाली टोळी पत्र्यावरून उतरली की टमाट्याचं रोप राहत नाही आणि वाळत घातलेल्या कुरडया राहत नाहीत. म्हणून झाड बैठकीत, टीव्हीशेजारी. पाहुणे आले की कौतुक करायचे. सासूबाई मात्र पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "असं कोंडून कायले ठेवलं वो झाडाले?" मी हसण्यावारी नेलं.

तीन आठवड्यांनी झाडाचा रंग उतरल्यासारखा वाटला, तेव्हा मी ते पडवीत हलवलं. तोवर मेळघाटात पाऊस लागला होता. आमच्याकडचा पाऊस तुम्हा अकोला-अमरावतीच्या मैत्रिणींना ठाऊक नाही असं नाही, पण तुमच्याकडे तो येतो आणि जातो. इथे डोंगरात तो मुक्कामालाच येतो. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सिपना गढूळ होऊन वाहते, कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात. अशा हवेत मी रोज सकाळी जाप झाला की एक तांब्या पाणी त्या कुंडीत घालायची. गाळलेलं पाणी, मनापासून. मला वाटायचं, झाडाची सेवा होतेय.

भाद्रपद उजाडला तेव्हा आतल्या बाजूची पानं तपकिरी झाली होती. मग एका फांदीचे शेंडेही. बाकीची हिरवाई होती, पण तिला तेज नव्हतं. उकडून ठेवलेल्या भाजीसारखा रंग.

इथे एक गोष्ट सांगते, जी मला तेव्हा माहीत नव्हती. ज्युनिपर आपलं दुखणं लपवतं. गुलाबाला पाणी कमी पडलं तर दुपारीच मान टाकतो. ज्युनिपरची मुळं मेली तरी पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात. आपल्याला ते पिवळं दिसतं तेव्हा आजार जुना झालेला असतो. म्हणजे मी भाद्रपदात जे पाहत होते, ते आषाढात घडलेलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. आमचे हे म्हणाले, "खत घाल." एका नर्सरीवाल्याला फोन केला, त्याने न पाहताच सांगितलं, "कोळी पडला असेल, औषध मारा." परतवाड्याकडे आमच्या ओळखीच्यांची संत्र्याची बाग आहे. कोळी म्हणजे काय हे बागवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर कोळ्याच्या औषधाची अर्धी बाटली पाठवूनही दिली. बाटलीवर तो चौकोन असतो ना, त्याचा रंग पाहूनच मला कसंतरी झालं.

आणि दिवस कोणते? दशलक्षण पर्वाचे. ज्या दिवसांत आपण हिरवी भाजी चिरत नाही, त्या दिवसांत मी फवारणीचा पंप हातात घेणार होते. बाटली कपाटावर ठेवून दिली. पण झाडाकडे पाहिलं की वाटायचं, हाही जीवच आहे. एकेंद्रिय का होईना, माझ्या दारात मरतोय. इकडे आड, तिकडे विहीर.

सासूबाईंना सांगितलं. त्या वाचत होत्या, चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आधी पाह्य तं खरी. कोळी हाये का नाही हेच पाह्यलं नाही, अन् मारायले निघाली." आणि हातातलं भिंग माझ्यापुढे केलं.

तो दिवस उत्तम मार्दवाचा होता. भाच्याला फोन लावला आणि त्याने सांगितलं तसं एकेक करत गेले. तुम्हालाही कधी उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहिते.

पहिली तपासणी कागदाची. फांदीखाली पांढरा कोरा कागद धरायचा आणि फांदीला बोटाने हलकेच दोन-तीन टिचक्या मारायच्या. कागदावर पडलेल्या कचऱ्याकडे एक मिनिट शांतपणे पाहायचं. कोळी असेल तर टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक ठिपके चालायला लागतात. पुष्कळ लोक पुढे कागदावर बोट फिरवून लाल रेघ उमटते का पाहतात. आपण ते करायचं नाही, भिंग पुरेसं आहे. माझ्या कागदावर धूळ पडली, वाळकी पानं पडली आणि एक मुंगी पडली. चालणारी तेवढी एकटी मुंगीच. तिला जास्वंदीवर सोडून आले. फांद्यांमध्ये बारीक जाळीही नव्हती. म्हणजे कोळी नव्हताच. जी बाटली मी मारायला निघाले होते, ती ज्याच्यावर मारायची तोच तिथे नव्हता, आणि त्या कुंडीतले बाकीचे सगळे मात्र गेले असते.

दुसरी तपासणी नखाची. फांदीची साल नखाने अगदी तिळाएवढी खरवडायची. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर गेली. चार फांद्यांपैकी तीन हिरव्या निघाल्या. डावीकडची खालची फांदी वाळून गेली होती.

तिसरी तपासणी मातीची. खराट्याचा हीर घेतला आणि कडेने कुंडीत तळापर्यंत खुपसला. दहा मिनिटांनी काढला तर पूर्ण चिखलाने माखलेला, आणि वास आंबूस. कुंडी उचलून खाली पाहिलं. दोनपैकी एक भोक बंद झालेलं, आणि ते डावीकडचंच.

आता उलगडा झाला. जूनमध्ये माती खाली बसलेली दिसली म्हणून कढीपत्त्यासाठी आणून ठेवलेली शेतातली काळी माती मी वरून भरली होती. आपली वऱ्हाडची काळी माती कपाशीला सोनं आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. शेतात तिला खाली कितीतरी खोल जागा असते. चार बोटं उंचीच्या कुंडीत मात्र ती भिजून फुगली, भोकाशी जाऊन बसली आणि मुळांना हवाच राहिली नाही. मुळं पाण्यात बुडून गुदमरली, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने वाळतं. मी ते वाळलेलं पाहून आणखी पाणी घालत होते.

ज्युनिपर मूळचं कसल्या जागेचं झाड आहे हे मी आधी विचारायला हवं होतं. आपल्या देशात ते हिमालयात वर, लाहौल आणि लडाखकडे आपोआप उगवतं. लडाखात त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याची पानं धूप म्हणून जाळतात. बोन्सायसाठी वापरतात ती चीन-जपानकडची जात, तीही खडकांत, कड्यांवर वाढणारी. म्हणजे भरपूर ऊन, थंडी, वारा आणि पाय कधी ओले न राहणारी जमीन. मी तिला दिली टीव्हीशेजारची सावली आणि मग मेळघाटचा पावसाळा, त्यावर रोजचा तांब्या.

आणि ते शेवाळ! त्याबद्दल सांगायलाच हवं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, शेवाळावर पाय देऊ नये, त्यात अनंत जीव असतात. म्हणून कुंडीतलं शेवाळ मी कधी हलवलं नाही. मला वाटायचं, मी अहिंसा पाळतेय. पण खालची माती ओली आहे की कोरडी, हे त्या शेवाळाने मला दिसू दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "शेवाळ खरडू नको. पाणी थांबव. आपोआप जाते." आपल्या जुन्या बायका पावसाळ्याआधी न्हाणीघर आणि पायऱ्या घासून कोरड्या का करत, चुना का लावत, ते त्या दिवशी नव्याने कळलं. जीव झाल्यावर काढण्यापेक्षा तो होऊच नये अशी काळजी आधी घ्यायची. धान्याचं तेच, पाण्याचं तेच, कुंडीचंही तेच.

पर्वाचे दिवस संपेपर्यंत माती उकरायची नाही, मुळं कापायची नाहीत असं मी ठरवलं. भाच्याला भीती होती की उशीर होईल. पण त्याने मधला उपाय सांगितला. कुंडी एका बाजूने उचलून खाली लाकडाचा तुकडा सरकवला, म्हणजे ती तिरकी राहते आणि साचलेलं पाणी खालच्या कडेच्या भोकातून निघून जातं. बंद झालेलं भोक उदबत्तीच्या काडीने खालून मोकळं केलं. पडवीच्या कडेला, उजेड येईल पण पागोळी पडणार नाही अशा जागी ठेवलं. पाणी पूर्ण बंद, आणि खत तर नाहीच. आजारी माणसाला पुरणपोळी वाढत नाहीत, तसं आजारी झाडाला खत देत नाहीत. अनंत चतुर्दशीपर्यंत एवढंच केलं. कुंडी बरीच हलकी झाली.

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी कामाला बसले. भोकं असलेली तीच कुंडी, स्वच्छ धुऊन. भोकांवर बारीक तारेची जाळी. माती म्हणून विटांचा चुरा, जाड रेती आणि थोडं जुनं शेणखत. चुरा चाळणीने दोनदा चाळला. खालचं पीठ टाकून दिलं, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे ठेवले. रेती परतवाड्याच्या बांधकामाच्या दुकानातून मागवली. सिपना दारातून वाहते, पण हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, नदीतली मूठभर वाळूही उचलायची नाही.

झाड कुंडीतून काढलं. उजवीकडची मुळं घट्ट, पिवळसर, त्यांच्यावर पांढरी जाळीसारखी बुरशी. ती पाहून मी घाबरले, धुवायला निघाले. भाचा फोनवरून ओरडला, "मावशी, थांब, ती मैत्रीण आहे!" ती बुरशी मुळांना पाणी आणि क्षार आणून देते आणि झाड तिला साखर देतं. वास घेऊन पाहायचा, पावसाळी रानासारखा ताजा वास असेल तर ती चांगली. आपल्या जैन प्रतीकाखाली जे सूत्र असतं, जीव एकमेकांना आधार देतात असं सांगणारं, ते आठवलं. असा आधार मातीखालीही चालू असतो, हे मला नवीन होतं.

डावीकडची मुळं काळी, मऊ. चिमटीत धरली की साल सुटून हातात यायची. ती कापायची होती.

मैत्रिणींनो, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हाताने कधी बटाटा चिरला नाही, मुळा चिरला नाही. जमिनीखालचं काही कापायचं नाही हे हाताला इतकं सवयीचं झालंय की कात्री धरून मी नुसती बसून राहिले. हे कंदमूळ नव्हे, मी कापणार ती मुळं मेलेली आहेत, हे कळत होतं. तरी हात पुढे जाईना. शेवटी णमोकार म्हटला आणि फक्त काळी तेवढी कापली. जिवंत एकही नाही. उजवीकडची माती हलवलीसुद्धा नाही. झाड हलू नये म्हणून सुती दोऱ्याने कुंडीला सैल बांधलं. एका फांदीवर वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार होती, ती सालीत रुतायला लागली होती. उलगडायला गेलं तर फांदी मोडते, म्हणून तुकडे करून काढली.

तार काढताना मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवला. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे, अन्नपाणी रोखणे. ते मुळात गायी-बैलांसारख्या त्रस जीवांबद्दल सांगितलेत हे मला ठाऊक आहे. स्थावर जीवांची हिंसा श्रावकाला पूर्ण टाळता येत नाही. पण विनाकारण झाड तोडणं, पाणी सांडणं, माती उकरणं याला अनर्थदंड म्हटलंच आहे. समोर बांधलेली फांदी, छाटलेले शेंडे, चार बोटांच्या कुंडीत मोजकं अन्न. हे सगळं कशासाठी, तर टीव्हीशेजारी छान दिसावं म्हणून.

कार्तिकात मुक्तागिरीला गेलो. मंदिरांचा डोंगर चढून उतरल्यावर खाली एका आर्यिका माताजींचं दर्शन झालं. त्यांना हे सगळं सांगितलं आणि विचारलं, हे झाड ठेवणं दोषाचं का? त्या म्हणाल्या, "आणायचं की नाही, हा प्रश्न होऊन गेला. आता सांभाळताना तुझं लक्ष किती असतं ते बघ." मग थोडं थांबून म्हणाल्या, "द्वेषाने किती जण मारतात? बेसावधपणानेच जास्त मरतं." हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद हा शब्द का घातला असेल ते मला त्या कुंडीने आधीच शिकवलं होतं. रोजचा तो तांब्या प्रेमाचा होता, पण एकदाही बोट मातीत घालून पाहिलं नव्हतं.

मी तिथेच नियम घेतला. यापुढे नवीन बोन्साय घरात आणायचं नाही, आणि आहे त्याला तार बांधायची नाही.

आता झाडाचं काय झालं ते सांगते. दीड महिना त्याला नुसत्या उजेडात ठेवलं. पानं छाटली नाहीत, कारण ज्युनिपरची ताकद पानांत असते आणि नवी मुळं त्याच बळावर फुटतात. पाणी वारावर नाही, बोटावर. बोटाचं एक पेर मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच द्यायचं. थंडीत पूर्ण उन्हात, बाहेर. आमच्याकडे पौषात रात्री चांगला गारठा पडतो आणि या झाडाला हिवाळ्याची अशी विश्रांती लागतेच. वानरांसाठी यांनी जाळीचा खोका करून दिला. सासूबाई म्हणतात, "आधी कुंडीत कोंडलं, आता पिंजऱ्यात." त्यांचं खरं आहे.

फाल्गुनात तीन फांद्यांच्या टोकांना पोपटी कोंब दिसले. पोहा भिजवल्यावर फुलतो तेवढे, पण नवे. डावी फांदी मात्र गेलीच. ज्युनिपरमध्ये एका बाजूचं मूळ त्याच बाजूच्या फांदीला पोसतं, म्हणून डावीकडचं भोक बंद आणि डावीकडचीच फांदी वाळली. ती कापून टाकू का विचारलं, तर भाचा म्हणाला, राहू दे, बोन्सायवाले अशी वाळकी फांदी साल काढून मुद्दाम ठेवतात. तिला जपानी भाषेत म्हणतात 'जिन'. मी दोनदा विचारलं, काय म्हणतात? जिन. आपल्या जिन शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा. पण सासूबाईंना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसल्या. फांदी ठेवली आहे. मला ती माझा तांब्या आठवून देते.

आणि एक गोष्ट लपवून ठेवत नाही. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात पुन्हा कागद धरला, तेव्हा चार-पाच ठिपके चालताना दिसले. या वेळी कोळी खरोखर होता. बाटली तर मी केव्हाच बंद झाकणाने परत पाठवली होती. धूळ बसलेली, कोरडी, वारा न लागणारी पानं कोळ्याला आवडतात. म्हणून झाड वाऱ्याला ठेवलं आणि रोज सकाळी साध्या गाळलेल्या पाण्याने पानं खालच्या बाजूने हळू धुतली. पंधरा दिवसांत कागद रिकामा पडायला लागला. त्या धुण्यात काही जीव मेलेच असतील. त्याला मी अहिंसा म्हणणार नाही. आरंभी हिंसा म्हणून संध्याकाळच्या प्रतिक्रमणात मनाशी कबूल केली. कमीत कमी कसं होईल एवढंच पाहिलं. तुमच्यापैकी कुणाला याहून चांगला मार्ग माहीत असेल तर मला जरूर सांगा.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइनचं बोन्साय आहे. १६२५ पासून माणसांनी कुंडीत सांभाळलेलं. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथेच, यामाकी कुटुंबाच्या अंगणात होतं आणि वाचलं. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी रोज त्याच्याकडे पाहिलं असणार. मला हे वाचून धाक वाटला. माझ्यानंतर या कुंडीत बोट घालून पाहणारं कोण, हेही आता ठरवायला हवं. धाकटी विचारत होती, मी घालू का पाणी? तिला म्हटलं, आधी बोट घाल, मग मला सांग ओलं की कोरडं.

आज तिने सांगितलं, "आई, ओलं आहे." आज पाणी नाही.

उत्तम क्षमा.